तक्रार बंद करण्याचा हक्क

पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात हे दिसतं. रस्त्यावर खड्डा पडतो, कुणीतरी त्याचा फोटो काढून महापालिकेच्या अ‍ॅपवर टाकतं, तक्रार क्रमांक येतो. काही दिवसांनी खड्ड्यात कोल्ड मिक्स ओतून वरून फावड्याने थापटलं जातं, त्याचा फोटो निघतो आणि तक्रार निकाली काढल्याचा संदेश तक्रारदाराच्या मोबाइलवर येऊन पडतो. पुढच्या दोन-तीन सरींत खडी सुटते, रस्ताभर पसरते, दुचाकीची चाकं तिच्यावरून घसरू लागतात. नोंदीत मात्र तो खड्डा बुजलेलाच असतो. पुन्हा कळवावं तर ती नवी तक्रार ठरते आणि आधीची यशस्वी कामांच्या आकड्यात जमा झालेली असते. लोकांच्या डोळ्यांनी शहर चालवण्याच्या या नव्या पद्धतीबद्दल बोलताना सगळा भर माहिती गोळा करण्यावर असतो. माझ्या मते खरा प्रश्न शेवटच्या पायरीवर आहे. काम झालं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

'क्राउडसोर्सिंग' हा शब्द जेफ हाऊ या पत्रकाराने २००६ साली रूढ केला, पण व्यवसायांनी त्याआधीच त्याची चव घेतली होती. कॅनडातल्या गोल्डकॉर्प या खाण कंपनीने २००० साली आपल्या रेड लेक खाणीची भूगर्भीय माहिती इंटरनेटवर खुली केली. सोनं कुठे सापडेल हे जगाने सांगावं, म्हणून एकूण ५ लाख ७५ हजार डॉलरची बक्षिसं लावली. खाणधंद्यात अशी माहिती तिजोरीत ठेवायची असते, त्यामुळे हे धाडसच होतं. पण त्या प्रयोगाचं यश केवळ धाडसाचं नव्हतं. लोकांनी दाखवलेल्या जागी ड्रिल लावायला कंपनी तयार होती, आणि उत्तर बरोबर की चूक हे शेवटी जमीनच सांगणार होती. कंपनीला स्वतःचीच पाठ थोपटून प्रश्न बंद करण्याची सोय नव्हती.

शहरात जमीन अशी परस्पर निकाल देत नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने २०१२ च्या सुमारास 'स्ट्रीट बम्प' नावाचं अ‍ॅप आणलं. गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचा, धक्का बसला की फोनमधला संवेदक तो टिपतो आणि जागेसकट पालिकेला कळवतो. नागरिकाने बटणही दाबायचं नाही. पुढे लक्षात आलं की यातले बरेच धक्के खड्ड्यांचे नसून रस्त्याच्या पातळीशी न जुळणाऱ्या लोखंडी झाकणांचे आहेत. ही माहिती फार कामाची होती. झाकणं ज्या कंपन्यांची होती त्यांना कामाला लावता आलं. पण केट क्रॉफर्ड या संशोधिकेने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. गरीब वस्तीत आणि वयस्कर लोकांत स्मार्टफोन कमी, म्हणून तिथले खड्डे नकाशावर कमी. तिथे दुरुस्ती कमी झाली असती तर आकडेवारीच्या भाषेत तो न्यायच दिसला असता. हा धोका बॉस्टनच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होता, म्हणून त्यांनी हे अ‍ॅप आधी शहरभर फिरणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांच्या हाती दिलं.

आता आपल्याकडे फोन सगळ्यांकडे आहेत, असं कुणी म्हणेल. फोन आहेत, हे खरं. पण तक्रार करायला फोनबरोबर वेळ लागतो, पत्ता लागतो आणि आपलं कुणी ऐकेल हा विश्वास लागतो. ज्या वस्तीतल्या गल्लीला नावच नाही, तिथल्या बाईने सार्वजनिक शौचालयाच्या तुटलेल्या दाराची तक्रार नेमकी कोणत्या रस्त्याखाली नोंदवायची? तिच्याकडून तक्रार आली नाही म्हणून तिथे त्रास नाही, असा अर्थ काढणं चुकीचं आहे.

ब्रिटनमध्ये २००७ पासून चालू असलेल्या 'फिक्स माय स्ट्रीट' या संकेतस्थळाची रचना मला या बाबतीत शिकण्यासारखी वाटते. मायसोसायटी या संस्थेने ते उभारलं. नागरिकाची तक्रार संबंधित स्थानिक परिषदेकडे जाते आणि त्याच वेळी नकाशावर सगळ्यांना दिसते. चार आठवड्यांनी तक्रारदाराला प्रश्नावली जाते: काम झालं का? एवढ्या साध्या प्रश्नाने कामाच्या नोंदीत तक्रारदाराचा शब्दही येऊन बसतो.

यावर अभियंत्यांचा आक्षेप असा की नागरिकांवर सोडलं तर एकही तक्रार बंद होणार नाही. आधीच माणसं कमी, त्यात कुणी सूड म्हणून, कुणी राजकारण म्हणून तक्रार उघडी ठेवील. ही भीती निराधार नाही. त्यासाठी ठरावीक मुदत ठेवता येते, वाद झाला तर तिसऱ्या माणसाने जागेवर जाऊन बघण्याची व्यवस्था करता येते. रस्ता दुसऱ्याच यंत्रणेच्या हद्दीत असेल, तर तक्रार बंद न करता तिकडे पाठवता येते. आज मात्र ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे, त्याच्याच हातात तिचा शेवट आहे. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अ‍ॅप येण्याआधी काम होण्यासाठी नगरसेवकाची ओळख लागायची, आता निदान अनोळखी माणसालाही क्रमांक मिळतो. हा फायदा मोठा आहे आणि तो सोडू नये. पण अ‍ॅप नगरसेवकाची जागा घेऊ शकत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ दोन्हीकडे प्रशासकाचा कारभार राहिला. त्या काळात अ‍ॅपवर खड्डा कळवता येत होता. रस्ते विभागाच्या खर्चावर सभागृहात उभं राहून जाब विचारणारं कुणी नव्हतं. पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. लोकांचं म्हणणं पैशाच्या निर्णयापर्यंत नेणारी ती वाट तक्रारीच्या अ‍ॅपपेक्षा कितीतरी खोल जाते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची दिशाही दाखवली. जबाबदार कोण हे ठरवायला नागरिकांच्या तक्रारींची तारीखवार नोंद हा सर्वांत सरळ पुरावा आहे. म्हणूनच ती नोंद पुसट होता कामा नये. प्रत्येक रस्त्यासमोर नकाशावर ठेकेदाराचं नाव आणि दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, दिसला पाहिजे. त्याच जागेची दुसरी तक्रार पहिलीलाच जोडली गेली पाहिजे. आणि मुदतीत तक्रारदाराने 'झालं' म्हटल्याशिवाय, किंवा तिसऱ्या माणसाने जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय, त्या दुरुस्तीचं बिल निघता कामा नये.