जुनं तेल जातं कुठे?

गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलावं की मेकॅनिककडे, यावर लोक तावातावाने बोलतात. माझं मत विचाराल तर घरी बदलावं. आपल्या यंत्राच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असावं. आमच्या वालुरात मोटारसायकलचं ऑइल दारातच बदलणारे कितीतरी आहेत.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे माझदा मिआटा आहे, दोन माणसांची, जमिनीला टेकलेली. असल्या बुटक्या गाडीखाली जॅकसुद्धा सरकत नाही. आधी पुढची चाकं जाड फळ्यांवर चढवायची, मग जॅक लावायचा, मग भक्कम स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हा पहिला नियम. आमच्या काळ्या मातीत तर जॅकच खाली रुतेल. शहाबादी फरशी नाहीतर काँक्रीट हवं. बाकी काम सोपं. इंजिन थोडं कोमट करा, खालचा बोल्ट काढा, तेल गळू द्या, फिल्टर बदला, बोल्टला नवा वॉशर लावा, नवं तेल मापाने भरा. झालं!

पण खरंच झालं का? ते चारेक लिटर काळं तेल कुठे गेलं?

भाचा ते डब्यात भरून स्पेअर पार्टच्या दुकानात परत देतो. तिकडे बरीच दुकानं ते फुकट घेतात. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या पाट्यांना लावतात, उरलेलं बांधावर ओततात. यात कंजूसपणा नाही, काही वाया जाऊ नये ही जुनी सवय आहे. सवय चांगलीच, पण हे काही गोडं तेल नव्हे. इंजिनात झिजलेल्या धातूचा अंश आणि काजळी त्यात उतरलेली असते. आपल्याखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून पाणी मुरतं आणि विहिरीला येतं. त्याच वाटेने तेलही जाऊ शकतं.

वालूर म्हटलं की लोकांना आमच्या बारवा आठवतात. ती गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून मोकळी केली, तेव्हा गावाला केवढा अभिमान वाटला! जे गाव पाण्यासाठी एवढा घाम गाळतं, त्याने त्याच जमिनीत काळं तेल का मुरवावं?

कायदा आहे. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकली आहे. पण कागदावरची जबाबदारी गावापर्यंत यायला वेळ लागतो. तोवर एवढं तरी करूया: एक झाकणाचा कॅन ठेवायचा, त्यात पाणी की डिझेल मिसळायचं नाही, आणि भरला की तालुक्याला जाताना जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला द्यायचा.

बोल्ट घट्ट केला म्हणजे काम संपलं, असं मला वाटत नाही. कॅन योग्य हातात पडला, की संपलं. तुम्हाला काय वाटतं?