बक्षीस नको, खिरापत हवी



भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात भुलाबाईची गाणी म्हटली जातात. मुली टिपऱ्या वाजवत घरोघर जातात, गातात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखतात. तिथे परीक्षक नसतो, कुणी हरत नाही. सासरचा जाच, माहेरची ओढ त्या गाण्यांत बायांनीच घातली. कुणाच्याही नावावर ती नाहीत. देवाच्या नावाने का होईना, एकत्र बसायची मुभा मिळाली आणि बाया बोलल्या.

आता ठिकठिकाणी या गाण्यांच्या स्पर्धा भरतात. गुण आणि बक्षिसे आली की जिचा आवाज बरा नाही ती गप्प बसते. नेमके तिचेच सांगणे राहून जाते.

म्हणून यंदा आम्ही नागपुरात वस्तीवस्तीत गाणी रचायला बसणार आहोत. पूजेची अट नाही. १९५६च्या धम्मदीक्षेच्या या शहरात कुणी भीमगीताची चाल आणेल, कुणी कव्वालीची. विषय रोजचेच: पाणी, रेशन, मजुरी, नवऱ्याचा मार. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने पुढे न्यावी. जिला घरातून निघता येत नाही, तिने फोनवर पाठवावी. गाणे जमले नाही तरी चालेल. सभेत न बोलणारी एक बाई बोलती झाली, तरी बैठक सार्थकी लागली. खिरापत मात्र प्रत्येकीने आणायची!