एका रात्रीची कीर्ती

चित्रपटांतील नटनटींविषयी बोलताना एक वाक्य आपल्या कानी वारंवार पडते : ‘अमक्या भूमिकेने तो एका रात्रीत प्रसिद्धीस आला.’ वाक्य लहान आहे, गोड आहे आणि विद्यार्थ्यांस तर ते फारच गोड वाटते. परंतु त्यापासून दुहेरी अपाय होतो, असे आमचे मत आहे. मुलगा अभ्यास आणि तालीम दोन्ही बाजूस ठेवून त्या एका रात्रीची वाट पाहू लागतो. आणि त्याचे वडील, हा सारा सट्ट्याचा व्यवहार आहे असे समजून, मुलाने नाटकाचे नाव काढताच कपाळास आठ्या घालतात. दोघांचाही समज त्या एकाच वाक्यावर उभा आहे. तेव्हा ते वाक्य कितपत खरे, हे दोन-तीन प्रसिद्ध उदाहरणे घेऊन पाहणे उचित होईल.

राजा हरिश्चंद्राची राणी तारामती, ही भूमिका प्रथम घेऊ. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना एकही स्त्री मिळेना. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसवून त्यांनी राणी केले. (पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता ही दोन्ही पात्रे याच साळुंक्यांनी वठविली, ही गोष्ट आजच्या प्रेक्षकांस थट्टेची वाटेल; परंतु त्या वेळी लोकांनी ती भक्तिभावाने पाहिली.) याच कथेवर १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतील पहिला बोलपट काढला. या खेपेस तारामती झाल्या त्या दुर्गाबाई खोटे. एकोणीस वर्षांत एका भूमिकेने केवढा प्रवास केला!

दुर्गाबाई या मुंबईतील एका प्रतिष्ठित घराण्यातील कन्या. त्यांचे शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात व पुढे सेंट झेवियर कॉलेजात, म्हणजे आपल्या शाळेप्रमाणेच ख्रिस्ती मंडळींनी चालविलेल्या संस्थांत झाले. सासरही संपन्न, परंतु त्या घरावर आर्थिक आपत्ती कोसळली आणि दोन लहान मुलगे पदरी असताना अर्थार्जनाचा प्रश्न उभा राहिला. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी एक लहानशी भूमिका केली. परिणाम काय झाला? लोकांनी नावे ठेवली, कुलीन घरच्या बाईने हे काय आरंभिले म्हणून गहजब झाला. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर तिने पुन्हा त्या वाटेस जाण्याचे नाव काढले नसते, आणि तिला दोष देण्याचाही अधिकार कोणास नसता. दुर्गाबाई मात्र कोल्हापुरास गेल्या. त्या वेळी पार्श्वगायनाची सोय नव्हती. जे पात्र पडद्यावर दिसे त्यालाच छायालेखनाच्या वेळी स्वतःच्या गळ्याने गावे लागे. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कसलेला गायक हरिश्चंद्र झालेला आणि संगीतही त्यांचेच. त्यांच्या शेजारी उभे राहून गाणे ही काही सामान्य कसोटी नव्हे. दिग्दर्शक शांताराम यांच्या हाताखाली त्यांनी ती दिली, आणि ज्या समाजाने आदल्या वर्षी नाके मुरडली होती त्यानेच आता तारामतीची वाहवा केली.

येथे आमचा वाचकांस एक प्रश्न आहे. एका वर्षात या बाईंचे शील बदलले होते काय? मुळीच नाही. बदलली ती पाहणाऱ्यांची दृष्टी. आणि ती बदलावी म्हणून एका स्त्रीला भरपूर निंदा सोसावी लागली. ‘एका रात्रीत’ या शब्दांत त्या निंदेच्या दिवसांची गणना कोठेच होत नाही. पुढे १९३६ च्या ‘अमर ज्योती’ मधील चाचेगिरी करणारी सौदामिनी, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’ मधील जोधाबाई अशा नाना भूमिका करून १९८३ साली त्यांस दादासाहेब फाळके पुरस्काराचा मान मिळाला. तारामतीने त्यांस दार उघडून दिले खरे. परंतु त्या दारात त्या बसून राहिल्या नाहीत.

दुसरे उदाहरण विष्णुपंत पागनीस यांचे. हे गृहस्थ तरुणपणी ‘स्वदेश हितचिंतक’ नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करीत. जसजसे वय वाढते आणि रंगभूमीवर स्त्रिया येऊ लागतात, तसतसा अशा नटांचा काळ संपत जातो. १९३६ साली प्रभातने ‘संत तुकाराम’ काढावयाचे ठरविले तेव्हा पागनिसांचे वय चव्वेचाळिसाच्या घरात होते. त्यांच्या हावभावांत स्त्रीपार्टाची लकब उरली आहे, सबब हे तुकोबा शोभणार नाहीत, अशी शंका दिग्दर्शकांपैकी दामले यांनी घेतली; फत्तेलाल यांचे मत मात्र त्यांस अनुकूल होते. काम मिळाल्यावर पागनीस देहूस जाऊन आले. पुढील हकीकत सर्वश्रुत आहे. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपटमहोत्सवात गौरविला गेला, आणि कित्येक घरांत तुकोबा म्हणून पागनिसांच्याच चेहऱ्याची तसबीर लागली. शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचलेला अभंगसुद्धा लोकांस तुकोबांचाच वाटला, इतका तो सारा मेळ जमला होता.

आता यात दैवाचा भाग नाही असे आम्ही म्हणत नाही. फत्तेलालांनी आग्रह धरला नसता तर कदाचित पागनीस विस्मृतीत गेले असते. पण पेरणाऱ्याच्या दृष्टांतात बी सगळीकडे सारखेच पडते हे आपण प्रार्थनेच्या तासास ऐकले आहे. भूमी मात्र निरनिराळी असते. ज्या मृदू लकबीची दामल्यांस भीती वाटली, त्याच मृदुतेने त्यांचा तुकाराम इतरांहून निराळा झाला, असे आम्हांस तो चित्रपट पाहताना वाटते. वर्षानुवर्षांची सवय कोठे उपयोगी पडेल हे ज्याचे त्यालाही आधी ठाऊक नसते. मात्र या कीर्तीची दुसरीही बाजू आहे. त्यानंतर पागनिसांस तुलसीदास, नरसी भगत अशाच भूमिका मिळत गेल्या. १९४३ साली ते निवर्तले, तोवर लोकांनी त्यांस संतपदावरून खाली उतरूच दिले नाही. भाविक मनुष्य असल्याने त्यांस हे कदाचित जाचले नसेल; दुसऱ्या एखाद्या नटाचा जीव त्यात गुदमरला असता.

याच चित्रपटात तुकोबांची पत्नी झालेल्या गौरीबाईंची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. प्रभात कंपनीत झाडलोट करण्याच्या कामापासून त्यांनी आरंभ केला, मग गर्दीतील बिनबोलके काम, आणि मग ही कर्कश, कष्टाळू, मुलांच्या भुकेने व्याकूळ झालेली जिजाई. तिने म्हैस हाकावी की विठोबाला शिव्या द्याव्या, पडद्यावर तिच्याकडेच लक्ष जाते. आमच्या मते त्या चित्रपटातील अभिनयाचा पहिला मान तिचा. परंतु तिची तसबीर कोणी घरात लावली नाही.

आपल्याकडील शाळांच्या स्नेहसंमेलनांत राजाचे काम बहुधा उंच, गोऱ्या मुलास मिळते, आणि ते त्याच्याकडेच सलग तीन वर्षे राहते. बाकीचे भालदार-चोपदार होतात किंवा पडदा ओढतात. पालकही आपल्या पाल्यास कोणते काम मिळाले एवढेच विचारतात. त्याने ते कसे केले, हे विचारणारे थोडे. आमची सूचना अशी, की गेल्या वर्षीच्या राजाने यंदा पडदा ओढावा आणि चोपदारास एखादे भाषण द्यावे. निदान कार्यक्रमपत्रिकेत पडदा ओढणाऱ्यांची नावे तरी छापावीत; दोन ओळींनी छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही.