किलोवर विकला जाणारा दाखला

जुनी वस्तू शोधायची, घासूनपुसून चकचकीत करायची आणि चांगल्या भावाने पुन्हा विकायची, हा धंदा पूर्वी बाजारापुरता होता. आता तो मोबाइलवर आला आहे. पितळी पानदान, तांब्याचा बंब, लाकडी रेडिओ, चिनी मातीच्या बरण्या यांना शहरातले हॉटेलवाले आणि नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेले लोक मागतील ते पैसे देतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले गेले, त्यात आपला पन्हाळाही आहे. गडावर माणसे वाढतील, तसे ‘जुने काही आहे का?’ असे विचारणारेही वाढतील. म्हणून आताच चार गोष्टी बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट, या धंद्याबद्दल मला आदर आहे. मुंबईच्या मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार असो की पुण्याचा जुना बाजार, तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्यांत आपली माणसे बरीच आहेत. कुराण आणि थोडे हिशेब एवढ्या शिक्षणावर यांतले कितीतरी जण लाकूड पाहून साग की शिसम ते सांगतात, भांडे वाजवून तांबे की पितळ ते ओळखतात. लोक ज्याला अडगळ म्हणतात त्यातून ते कामाचे वेचतात. समाज मात्र त्यांना ‘भंगारवाला’ म्हणून दारातच उभे करतो आणि त्यांनी विकलेली वस्तू दिवाणखान्यात मांडतो.

वेचणाऱ्याची नजर काय करू शकते, हे पाहायचे तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे अशा घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९६२ साली तो महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनीच आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. राजवाड्यांच्या भिंतींआडचे नाही, सामान्य घरांतले जुने आयुष्य तिथे पाहायला मिळते. आपल्याच घरांतले.

आता माझा मुद्दा. जुन्या वस्तूची किंमत फक्त तिच्या वयात नसते. ती कोणाची, कुठली, कोणत्या प्रसंगाची, हा तिचा पत्ता असतो. बाजार सगळ्यात आधी तोच पुसतो.

भांड्यांचेच घ्या. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. कोल्हापूरकडच्या मुस्लीम घरांतल्या घागरी, तपेली, परातींवर देवनागरीत नाव असते, कधी सालही असते. मामाने भाचीला दिलेली परात ‘मामाकडून’ असे सांगत असते. इथला मुसलमान आपल्या घरच्या आनंदाची नोंद कोणत्या लिपीत करत होता, याचा एवढा साधा आणि पक्का पुरावा दुसरा कुठला? पण पॉलिश करताना सर्वात आधी हे नाव घासले जाते. ‘नाव असलं की गिऱ्हाईक घेत नाही,’ असे एका दुकानदाराने मला सांगितले. नाव गेले की ती परात कुठल्याही गावची, कुणाच्याही घरची होते.

कागदांची गत याहून वाईट. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे लोक कागद वाचून घ्यायला येतात. भंगार गोळा करणारे एक चाचा एकदा टिनाची पेटी घेऊन आले. “मॅडम, ह्यात पैशाचं काय हाय का बघा,” म्हणाले. आत एक निकाहनामा होता, उर्दूतली दोन पत्रे होती आणि मोडीतले एक खरेदीखत. उर्दू मी वाचून दाखवले. मोडी मला येत नाही, पण ते खत जमिनीचे आहे हे शिक्क्यावरून कळत होते. पेटी विकणाऱ्या घराला पेटीचे पैसे मिळाले होते. कागदांचा भाव कुणी विचारलाही नव्हता. मी चाचांना ते परत पोचवायला सांगितले आणि त्यांनी पोचवले. व्यवहारात त्यांचे काहीच गेले नाही. त्या घराचे मात्र बरेच काही वाचले असेल.

हे भावनेपोटी बोलत नाही. महाराष्ट्रात ओबीसी जातीचा दाखला काढायचा, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवास आणि जातीचा पुरावा लागतो. पिंजारी, तांबोळी अशा कितीतरी मुस्लीम जमाती या यादीत आहेत. पण शाळेच्या दाखल्यावर अनेकदा जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मग आजोबांचे एखादे खरेदीखत, जन्माची नोंद, जुने शाळेचे रजिस्टर यांच्यावर नातीचा प्रवेश आणि फी अवलंबून राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तिचेही काम कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे शोधण्याचे. त्या वेळी मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम आठवण झाली. जुना कागद रद्दी आहे की हक्क, हे तो वाचणारा असेल तरच कळते. आणि ‘तुम्ही इथले कधीपासून?’ असे ज्या समाजाला पुन्हा पुन्हा विचारले जाते, त्याने तरी आपली दप्तरे किलोवर देऊ नयेत.

गडावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. घरातली वस्तू वेगळी आणि जमिनीतली वेगळी. पावसाने माती वाहून एखादे नाणे वर आले, तर ते सापडणाऱ्याचे होत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि नाणी, तसेच ऐतिहासिक मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते ‘पुरावस्तू’ ठरतात. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पोरांनी हौसेने नाण्याचा फोटो टाकून भाव विचारण्याआधी हे माहीत असलेले बरे.

विकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. राम-हनुमानाची चित्रे आणि १८१८ साल असलेली ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून जी नाणी विकली जातात, तशी नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. नव्या भागांची जुळणी करून ग्रामोफोन ‘शंभर वर्षांचा’ म्हणून खपवले जातात. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकावा, ही आपल्या दीनची शिकवण आपण शुक्रवारी ऐकतो. शनिवारी दुकानातही ती चालली पाहिजे. नवे असेल तर नवे म्हणा, डागडुजी केली असेल तर तेही सांगा. अशा दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

मग करायचे काय? विकू नका, असे मी म्हणणार नाही. घर लहान असते, गरज मोठी असते, आणि बंब माळ्यावर ठेवून पोट भरत नाही. पण देण्याआधी पेटी, कपाट, ट्रंक उघडून पाहा. कागद बाजूला काढा. उर्दू असेल तर मदरशात किंवा उर्दू शाळेत दाखवा, मोडी असेल तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. भांड्यावरच्या नावाचा फोटो घ्या आणि ते नाव कोणाचे हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. धंदा करणाऱ्यांनी वस्तूबरोबर चार ओळींची चिठ्ठी ठेवावी: कोणत्या गावची, कशासाठी वापरली जायची. नाव घासू नये. ज्याला खरी जुनी वस्तू हवी आहे, तो त्या नावाचेही पैसे देईल.

तीन दरवाजावरचा फारसी शिलालेख दगडात कोरलेला आहे, म्हणून तो टिकला. आपल्या घरांतले बहुतेक लेख कागदावर आणि पत्र्यावर आहेत. ते टिकवायचे तर तराजूत टाकण्याआधी एकदा वाचावे लागतील.