बियाणे विकून कर्ज फेडू नका



मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला. कागदोपत्री त्यात शेतकरी औषधालाही सापडणार नाही. पण घाटकोपरच्या असल्फ्यात, भांडुपच्या टेकडीवर, मुलुंड-बोरिवलीच्या चाळींत राहणाऱ्या किती जणांचा सातबारा सातारा-रत्नागिरीकडे आहे, हे कोणत्याच तलाठ्याच्या दप्तरात नाही. या घरांच्या डोक्यावर दोन कर्जे असतात. एक गावच्या सोसायटीचे, दुसरे इथले : सोनेतारण, क्रेडिट कार्ड, नाहीतर शेजारच्या सावकाराचे. त्यांचा प्रश्न एकच. महिन्याकाठी चार पैसे उरतात, ते कर्जात भरू की गाठीला ठेवू?

हिशेबी माणूस म्हणेल, सगळे कर्जात भरा. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. बचत खात्यावर त्याच्या जवळपासही व्याज मिळत नाही. हिशेब चोख आहे आणि तरी घर बुडते. कारण पोराला डेंग्यू झाला की दवाखाना अनामत रोख मागतो, आणि गाठीला काही नसलेला माणूस त्या रात्री शेकडा ५ ला, १० ला, मिळेल त्या भावाने पैसे उचलतो. वर्षभर फेडलेले एका आठवड्यात परत अंगावर येते.

सोयाबीनवाला शेतकरी कितीही अडला तरी एकरी ३० किलो बियाणे बाजूला काढतो आणि मग पोती बाजारात नेतो. बियाणे विकून सावकाराचे तोंड बंद केले, तर जूनमध्ये त्याच सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. हे ज्याला शेतात कळते, त्याला मुंबईच्या खोलीत का कळू नये?

आता काटकसरीबद्दल. काटकसरीचे प्रवचन ऐकवणाऱ्यांचा मला राग आहे. शेतकऱ्याचे कर्ज उधळपट्टीने झालेले नाही, मालाच्या भावाने झाले आहे, आणि धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईला काटकसर शिकवायला कोणी अर्थशास्त्री लागत नाही. शिवाय काटकसर करायलाही आधी हातात पैसा लागतो. लोकलचा तिमाही पास तीन मासिक पासांपेक्षा स्वस्त पडतो, पण एकदम रक्कम भरता आली तर. तूरडाळ पावशेराने घेणारा पाच किलो घेणाऱ्यापेक्षा महाग खातो. गावात खत उधारीवर घेतले की दुकानदार भाव चढा लावतो आणि मालही आपल्यालाच घालायला लावतो. गाठीला पैसा नाही म्हणून दिवाळीच्या तोंडावर पडत्या भावात सोयाबीन घालणारे तर आपण सगळेच पाहतो. लग्न आणि गावची जत्रा यांतला खर्च मात्र खरोखर कापता येतो. तिथे मी कोणाची गय करणार नाही.

मग किती ठेवावे? महिन्याचा घरखर्च निघेल इतके, म्हणजे रेशन, भाडे, औषध. तेवढे जमेपर्यंत हप्ते चुकवू नका, वरचा पैसा गाठीला टाका. जमले की पुढचा सगळा पैसा सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जावर घाला. शेकडा ३ च्या कर्जात न भरता १० हजार बाजूला ठेवले तर महिन्याला ३०० रुपये जादा व्याज जाते. हे खरेच महाग आहे, म्हणून यापेक्षा मोठी शिल्लक कर्ज असताना नको. सोसायटीचे पीककर्ज स्वस्त आहे. ते आधी फेडायची घाई नको, पण तारीख चुकवू नका. मुदत टळली की व्याजाची सवलत गेली.

ठेवायचे कुठे, हा प्रश्न उपनगरातल्या लोकांना सांगायला नको. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला हजार रुपये काढता येत होते! मर्यादा हळूहळू वाढत जून २०२० मध्ये लाखापर्यंत आली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. बुडवले बड्या बिल्डरच्या कर्जांनी, रांगेत उभा राहिला रिक्षावाला. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख झाली, २०२१ च्या कायद्याने तो पैसा ९० दिवसांत देणे बंधनकारक झाले. पण आजारी माणूस ९० दिवस थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तर सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता.

म्हणून अडीनडीचा पैसा एका जागी नको. थोडा घरात रोख, थोडा पोस्टात, थोडा बँकेत. पतसंस्था दोन टक्के जास्त देते, पण तिथल्या ठेवीला हा विमा नाही, हे एजंट सांगत नाही. वस्तीतली भिशी चांगली, पैसा साठतो. पण आपला नंबर येईपर्यंत तो दुसऱ्याचा असतो, तेव्हा ती दवाखान्याच्या कामाची नाही. आणि पोस्टाचे खाते घरातल्या बाईच्या नावाने काढा. रात्री अकराला पोराचा ताप तिलाच कळतो, आणि जत्रेच्या वर्गणीला नाही म्हणणेही तिलाच जमते.