पाचवे शील आणि तंबाखूची पुडी

दरवर्षी जयंतीच्या निमित्ताने आम्ही सारे एकत्र जमतो. तथागतांच्या मूर्तीपुढे आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या प्रज्वलित होतात. पांढरीशुभ्र वस्त्रे परिधान केलेले उपासक-उपासिका हात जोडून त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात आणि पाचवे शील उच्चारताना लहान मुलांचा आवाज मोठ्यांच्या आवाजात मिसळतो. मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा असते. वंदना संपते, भाषणे होतात, भोजनाची वेळ येते. मग सभागृहाच्या मागील दाराबाहेर, भिंतीच्या सावलीत, काही बांधव तळहातावर तंबाखू मळू लागतात. थोड्या अंतरावर दोन-चार तरुण धूर सोडीत उभे असतात. आम्ही त्यांच्याजवळून जातो, 'जय भीम' म्हणतो आणि पुढे निघतो. पाचवे शील मोडले गेले असे आम्हांपैकी कोणालाही वाटत नाही. हे न वाटणे हाच आमच्या आजच्या चिंतनाचा विषय आहे.

दारूच्या बाबतीत आमचा समाज पुष्कळ जागृत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. पिऊन सभेस येणाऱ्याला आम्ही हात धरून बाहेर नेतो. तंबाखूविषयी मात्र आम्ही फार उदार! एखाद्याने हटकलेच तर उत्तर तयार असते : "पंचशीलात तंबाखूचे नाव कोठे आहे?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. तंबाखू हे मूळचे अमेरिका खंडातील रोप. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ते भारतात आले तेव्हा तथागतांच्या महापरिनिर्वाणाला दोन हजार वर्षे होत आली होती. जी वस्तू या भूमीवर नव्हतीच तिचे नाव शीलात कसे असणार? शील वस्तूंची यादी देत नाही. ते प्रमादाकडे, म्हणजे मनाचा लगाम हातून सुटण्याकडे बोट दाखविते. बुद्धांच्या धम्मात मन हे केंद्रस्थानी आहे. ज्या मनाला दर दोन तासांनी एका चिमटीपुढे हात पसरावे लागतात, ते मन स्वतंत्र म्हणता येईल काय? शतकांच्या गुलामीतून बाहेर पडलेल्या समाजाने ही लहानशी गुलामी खिशात बाळगावी, ही आमच्या मते किरकोळ बाब नव्हे.

जबल अलीपुरते बोलायचे तर येथे आमचे तरुण दोन प्रकारचे आहेत, आणि दोघांची कहाणी वेगळी आहे. १९७९ साली येथील बंदर सुरू झाले, १९८५ मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र आले. तेव्हापासून वेल्डर, फिटर, क्रेनचालक, गोदाम कामगार म्हणून देशोदेशींची माणसे या वाळवंटात आली. त्यांत विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कोकणातील आमचेही बांधव होते व आहेत. यांतील पुष्कळ तरुण एकेकटे, कामगार वसाहतीत राहतात. दुसरा वर्ग आमच्या घरांतील मुलामुलींचा. ही मुले येथेच वाढली, येथील शाळांत शिकली. व्यसनाचा विषय निघाला की आम्हांस दुसऱ्या वर्गाची काळजी वाटते, पहिल्या वर्गाविषयी आम्ही केवळ नाक मुरडतो. "लेबर लोकांचे असेच असते" हे वाक्य आमच्याच घरांतून ऐकू येते. ज्यांचे वडील कालपर्यंत गिरणीत वा रेल्वेच्या यार्डात राबत होते, त्यांच्या तोंडी हे शोभत नाही.

वसाहतीतील तरुण तंबाखू का खातो? चैन म्हणून नव्हे. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील कामास कायद्याने बंदी असते. यावरूनच येथील उन्हाची कल्पना यावी. पहाटे चारला उठायचे, बसमध्ये बसायचे, काम करून अंधार पडल्यावर परतायचे. निकोटिन भूक मारते, झोप पळविते, कंटाळा काही काळ दूर ठेवते. ज्याला पोटभर जेवण्यास वेळ नाही, रात्रपाळीत डोळा लागला तर नोकरीची धास्ती आहे, त्याच्या हाती ते स्वस्तातले औषध होऊन बसते. त्यात एकटेपणाची भर. लग्न होऊन सहा महिने झालेला मुलगा दोन वर्षे घर पाहत नाही. कर्ज काढून आलेला असतो, ते फिटेपर्यंत कोणाला काही सांगता येत नाही. अशा वेळी शेजारच्या खाटेवरील माणूस पुडी पुढे करतो, तेव्हा तो तंबाखूबरोबर सोबतही देत असतो. ती सोबत आम्ही दिली नाही, म्हणून तंबाखूने दिली. चघळण्याच्या तंबाखूची येथे उघड विक्री होत नाही, हे खरे. पण गावाहून येणाऱ्याच्या बॅगेत चटणी-पापडांच्या खाली काय दडलेले असते, हे आम्हांस ठाऊक आहे. "येताना चार पुड्या आण" असा निरोप आमच्यापैकी किती जणांनी धाडला असेल!

आता घरातील मुलांकडे वळू. यांच्या हाती पुडी दिसत नाही. यांच्या हाती आंब्याच्या, पुदिन्याच्या वासाचे व्हेप असते. भारताने २०१९ मध्ये ज्यावर कायद्याने बंदी घातली ते उपकरण येथे त्याच वर्षापासून प्रौढांसाठी रीतसर विकले जाऊ लागले. वाढदिवसाच्या निमित्ताने शिशा, म्हणजे आपला हुक्का, ओढला जातो. पाण्यातून गाळून येणारा धूर निरुपद्रवी, असा मुलांचा समज असतो. प्रत्यक्षात हुक्क्याच्या तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. आणि आहे येथील खास मिदवाख, ही बारीक नळी. तीत 'दोखा' नावाची तीव्र तंबाखू चिमूटभर भरतात. दोन-तीन झुरक्यांत काम संपते, वास फारसा मागे राहत नाही, म्हणून शाळकरी मुलांना ती सोयीची वाटते. अरबी भाषेत दोखा म्हणजे भोवळ. आमच्या मराठी कानांना त्या शब्दात धोका ऐकू यावा, हे योग्यच आहे.

कायदे नाहीत असे नव्हे. अमिरातीच्या २००९ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास मनाई केली. लहान मूल बसलेल्या मोटारीत धूम्रपान करण्यासही मनाई केली. १ ऑक्टोबर २०१७ पासून तंबाखूवर शंभर टक्के कर आला. तिकडे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी केली. कायद्याचा उपयोग होतो. २००९-१० मध्ये महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३१.४ टक्के लोक तंबाखू वापरीत, ते प्रमाण २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्क्यांवर आले. पण त्याच पाहणीत एक गोष्ट डोळ्यांत भरते : ओढणारे केवळ ३.८ टक्के, खाणारे-चघळणारे-लावणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राची तंबाखू ही मुख्यतः घराच्या आतली तंबाखू आहे. आजीची मिश्री, वडिलांची चुन्याची डबी, आत्याने दात दुखतो म्हणून लावून दिलेली चिमूट. भारतातील शाळकरी मुलांच्या २०१९ च्या पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरताना आढळली, आणि धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांनी वयाच्या दहा वर्षांच्या आतच सुरुवात केलेली होती. दहा वर्षांच्या आतील मूल सिनेमातील नायकाला पाहून बिघडते, हे आम्हांस पटत नाही. ते आम्हांलाच पाहत असते.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी मुलाला समजावून सांगण्यासाठी आम्हांस घरी बोलाविले. पंधरा वर्षांच्या त्या मुलाच्या दप्तरात मिदवाख सापडली होती. गृहस्थ व्यथित होते. "आमच्या घराण्यात असे कधी घडले नाही" असे पुनःपुन्हा सांगत होते. आणि हे सांगत असताना त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपले काम करीतच होता. मुलगा काही बोलला नाही. तो फक्त त्या तळहाताकडे पाहत होता. आम्ही आणलेला उपदेश तसाच परत घेऊन आलो.

या संदर्भात एका नावाचे स्मरण करणे अगत्याचे वाटते. ज्या 'जय भीम'ने आम्ही परस्परांस अभिवादन करतो, तो रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९०४ मध्ये जन्मलेले, १९३७ मध्ये विधिमंडळावर निवडून गेलेले आणि १९३९ मध्ये, उण्यापुऱ्या पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेलेले हे कार्यकर्ते विडी कामगारांचे संघटक होते. नागपूर-भंडारा भागात आमच्या कित्येक आया-आज्यांनी मांडीवर सूप घेऊन, तेंदूपानात तंबाखू भरून, हजाराच्या हिशेबाने विड्या वळल्या आहेत. म्हणजे आमचे तंबाखूशी जुने नाते आहे ते शोषणाचे. आधी आमच्या श्रमावर तिचा व्यापार उभा राहिला, आता आमच्या मुलांच्या मुखावर तो चालावा काय? हरदासांचे अभिवादन मुखात आणि त्याच मुखात ती चिमूट, ही विसंगती आम्हांस खटकली पाहिजे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना स्वच्छतेने राहण्यास, व्यसनांपासून दूर राहण्यास आणि मुलांना शिक्षण देण्यास सांगितले होते. या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात सांगितल्या, हे ध्यानात घ्यावे. मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही समुद्र ओलांडला. मधली गोष्ट मात्र किनाऱ्यावरच राहिली.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. सुरुवात तरुणांपासून नको, आमच्यापासून व्हावी. संस्थेच्या कार्यक्रमाच्या जागी, आत आणि मागच्या दाराबाहेरही, तंबाखू नसावी, आणि हा नियम प्रथम पदाधिकाऱ्यांना लागू व्हावा. गावाहून पुड्या मागविणे व आणणे आजपासून बंद करावे. सुटीच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने वसाहतीतील एका तरुणास घरी जेवावयास बोलवावे. भाकरी आणि चार शब्द एवढेच पुरे. ज्याला सोडावयाची आहे त्याला डॉक्टरांकडे नेण्यास कोणीतरी सोबत असावे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, काही आठवड्यांत तडफड ओसरते. त्या दिवसांत चिडचिड करणाऱ्याला व्यसनी म्हणून हिणवू नये, आजारी म्हणून सांभाळावे. आणि मुलाच्या दप्तरात काही सापडले तर हात उगारण्यापूर्वी तो हात रिकामा आहे ना, हे पाहावे.

यातील कोणत्याही गोष्टीस निधी लागत नाही, ठराव लागत नाही. लागते ती थोडी लाज आणि पुष्कळ मैत्री. पुढील जयंतीला आम्ही पुन्हा हात जोडून पाचवे शील म्हणू. त्या वेळी आमच्या शेजारी उभी असलेली मुले आमचा आवाज ऐकतील आणि जोडलेले तळहातही पाहतील. ते तळहात स्वच्छ असावेत, एवढीच मंगलकामना!

नमो बुद्धाय! जय भीम!