टोचन

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी रात्री लोणावळ्याहून परतताना कामशेतजवळ बाबांची गाडी बंद पडली. गाडी ऑटोमॅटिक, आणि माझं सोमवारी सकाळी साडेनऊला प्रेझेंटेशन. मित्र म्हणाला, ''टेन्शन काय घेतोस? न्यूट्रल कर, दोर लाव, टोचन करून नेऊ.''

नेली की! थेट पुण्यापर्यंत, चांगली पळवत. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा आणि स्टिअरिंग जड, हे पहिल्याच वळणावर कळलं. प्रेझेंटेशन मस्त झालं. गिअरबॉक्स मात्र गेला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

गॅरेजवाल्या काकांनी मग माझी शाळा घेतली. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. पण ओढली जाणारी चाकं जमिनीवर फिरत असतील तर आतले भागही फिरत राहतात, तेसुद्धा तेलाविना. काही कंपन्या थोडं अंतर, कमी वेगात चालतं म्हणतात. तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. (हो, तेच प्लास्टिकमधून न काढलेलं पुस्तक.)

म्हणून क्रेनवाला आला की आधी एकच सांगायचं: इंजिन कोणती चाकं फिरवतं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची. मग पुढची उचलायची, हँडब्रेक काढायचा, मागची बिनधास्त फिरू देत. ओम्नी, जुनी पद्मिनी किंवा इनोव्हा क्रिस्टा असेल तर उलटं, कारण तिथे जोर मागच्या चाकांवर. चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर दोन उचलून दोन फिरवण्याचा प्रयोग नकोच. पुढची-मागची चाकं जोडणारी यंत्रणा तापून जाते. सरळ फ्लॅटबेड बोलवा. इलेक्ट्रिकलाही तेच, कारण तिथे चाकं फिरली की मोटर वीज बनवायला लागते.

गेल्या महिन्यात ऑफिसखाली एका कलीगची ऑटोमॅटिक हॅचबॅक बंद पडली. क्रेनवाला मागून हुक लावत होता, ''साहेब, तोंड भिंतीकडे आहे, असंच सोपं पडतं.'' मी अक्षरशः आडवा पडलो. गाडी ढकलून फिरवली, अर्धा तास गेला, शर्ट गेला.

परवा बाबांनी चावी पुन्हा हातात ठेवली. डिकी उघडून पाहिली, तर दोर काढून टाकलेला.